फ्रीजच्या दारातलं इंजेक्शन

भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच तुणतुणं: डोपिंगच्या यादीत आपलंच नाव कामून? 'वाडा'च्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, 2023च्या आकड्यांत, पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत भारत पहिला, 3.8 टक्के नमुने दोषी. तर म्हणे गोऱ्यांचा डाव. वर आणखी ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून दम वाढवणारं हार्मोन: "ते तर अंगातच तयार होतं, मग बाहेरचं कोणतं ते कसं कळणार?"

कळतं, बाबांनो. आपल्या मूत्रपिंडातलं ईपीओ वेगळं आणि हॅम्स्टरच्या पेशींत बनवलेलं वेगळं. दोन्हींवरच्या साखरेच्या साखळ्या निराळ्या. जेलीसारख्या थरातून वीज सोडली की पट्टे वेगवेगळ्या जागी उमटतात. फ्रान्समधल्या लॅबनं ही लघवीची चाचणी 2000 सालीच बसवली. औषध काही दिवसांत अंगातून जातं, पण रक्ताचा पासपोर्ट, म्हणजे खेळाडूच्या रक्ताची वेळोवेळी ठेवलेली नोंद, उरतो. सातबाराच समजा: हिमोग्लोबिन चढलेलं आणि कोवळ्या तांबड्या पेशी एकदम घटलेल्या, म्हणजे कुणीतरी फेरफार केलाय.

मी जर्मनीत कोलोनला राहतो, वाडाची मान्यता असलेली एक लॅब गावातच. त्या ऐटीत मी पुढं ठोकलं, की इथं 2007ला डोपिंगला विटून एआरडी-झेडडीएफ या टीव्ही वाहिन्यांनी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत दाखवणं अर्ध्यात बंद केलं, आपल्याकडे कुणाची छाती आहे? त्याच वर्षी टेलिकॉम या जर्मन सायकल संघाच्या आल्डाग आणि झाबेलनं ईपीओची कबुली दिली होती, ते मात्र गिळलं. ती नावं मी कांटीनसाठी राखून ठेवलीत. तिथं कुणी भारताच्या यादीवर हसलं की काढतो. ग्रुपवर जर्मन, कांटीनात बीडचा.

ईपीओ मी पहिल्यांदा पाहिलं ते अंबाजोगाईच्या घरी, फ्रीजच्या दारात, लिंबांशेजारी. अण्णांचं डायलिसिस चालू होतं. भारनियमन असलं की आई ती डबी बर्फाच्या थर्मासात ठेवायची आणि झाकणाला हात लावू द्यायची नाही. हिमोग्लोबिन सातवरून दहावर आलं, तेव्हा अण्णा जिना न थांबता चढले आणि वर जाऊन उगीचच खोकले.

ते गेले तेव्हा दोन इंजेक्शनं उरली होती. धाकटा चुलतभाऊ तेव्हा पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पळत होता. त्याचा फोन आला, "भैय्या, अण्णांची ती इंजेक्शनं टाकून दिली का?"

रक्त घट्ट होतं, गुठळी होते, जीव जातो, हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. सकाळची ट्राम होती. मी म्हणालो, "काकूला विचार."

त्यानं विचारलं का, आईनं दिली का, मी कधी विचारलं नाही. तो आता खात्यात आहे. सातबाऱ्याच्या मेसेजवर पहिला अंगठा त्याचाच आला.