वाक्य संपवू नका, वाचणाऱ्याला संपवा

इंग्रजीत मेल लिहिताय? मग पूर्णविरामाच्या वाटेला जाऊ नका. वाक्य कुठे संपलं हे शोधायला वाचणारा बसलाय ना!

परवा मला एक मेल आला, तो जसाच्या तसा देतो: 'द मीटिंग इज ऑन मंडे इफ द क्लायंट अग्रीज वी विल सेंड द फाइल टुडे प्लीज कन्फर्म'. आता क्लायंट हो म्हणाला तर मीटिंग, की हो म्हणाला तर फाइल? आज फाइल पाठवायची, की आज नुसतं कन्फर्म करायचं? मी सरळ माणूस. 'वी विल सेंड द फाइल टुडे' एवढं वाचलं आणि फाइल पाठवून मोकळा झालो. नंतर मला जे ऐकून घ्यावं लागलं, त्यातलं प्रत्येक वाक्य मात्र सुटं, ठसठशीत आणि पूर्णविरामासकट होतं.

त्या अनुभवातून सुचलेल्या या युक्त्या.

तुकडे पाडा. मी खुलासा मागितला तेव्हा उत्तर आलं, 'बिकॉज द क्लायंट डिड नॉट अग्री.' बास, एवढंच. मराठीत 'फाइल पाठवायची नव्हती. कारण क्लायंट तयार नव्हता' असं बिनदिक्कत चालतं, मग इंग्रजीत का चालू नये? 'बिकॉज', 'ऑल्दो', 'इफ', 'व्हेन' यांनी सुरू झालेलं वाक्य दुसऱ्याच्या कडेवर बसणारं असतं, आणि ते दुसरं वाक्य तुम्ही लिहायचंच नाही. (शाळेत 'बिकॉजने वाक्य सुरू करू नये' असं दटावत, ते चूक. खुशाल सुरू करावं, पुढे मुख्य वाक्य आलं की झालं. पण तिथवर थांबतो कोण?)

कर्ता गाळा. मराठीत 'आलो' म्हटलं की कोण आलं ते क्रियापदच सांगतं, इंग्रजी 'केम' मात्र कोणाचं नाव घेत नाही. म्हणून 'विल सेंड सून' लिहा आणि गप्प बसा. ज्याला पाठवायचंय तो पाठवील.

शेवटी 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू' हे टाकाच. त्यात कर्ता नाही, धड क्रियापद नाही, नुसती आशा आहे.

आता स्वल्पविराम. दोन पूर्ण वाक्यांमध्ये तो ठोकून द्या: 'द फाइल वॉज रेडी, द क्लायंट वॉज नॉट'. कोणी हटकलंच तर मध्ये 'हाउएव्हर' घाला, भारदस्त दिसतं. 'वी सेंट द फाइल, हाउएव्हर, द क्लायंट वॉज अँग्री.' हे 'हाउएव्हर' मागच्याचं की पुढच्याचं? माहीत नाही! स्वल्पविरामाच्या साथीने दोन वाक्यं जोडण्याचा अधिकार सात शब्दांना आहे: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' त्यात नाहीत. त्यांच्या आधी अर्धविराम तरी हवा, नाहीतर पूर्णविराम. हे मी एकाला समजावलं तर तो म्हणतो, 'पण वाक्य तर छोटंच आहे!' अहो, लांबीचा काय संबंध? 'इट रेन्ड वी स्टेड' हे चार शब्दांचं वाक्य रन-ऑन आहे, म्हणजे दोन पूर्ण वाक्यं धड जोडाशिवाय एकमेकांत घुसलेली, आणि नीट सांधलेलं साठ शब्दांचं वाक्य नाही. पण नाही, यांनी वाक्यं फूटपट्टीने मोजायची, मग मधोमध तोडायची, आणि 'विच इज व्हाय वी डिलेड.' असं शेपूट एकटंच सोडून द्यायचं. म्हणजे रन-ऑन मोडून तुकडा केला. वा!

आणि पाठवण्याआधी वाक्याच्या सुरुवातीला 'इज इट ट्रू दॅट' लावून अजिबात वाचू नका. 'इज इट ट्रू दॅट बिकॉज द क्लायंट डिड नॉट अग्री?' लगेच लंगडतं. रन-ऑन तर मध्येच अडखळतं. चूक सापडायची उगाच.

'मोठमोठे लेखकसुद्धा तुकडे लिहितात.' लिहितात. जाणूनबुजून. ते कथा लिहीत असतात, तुम्ही बिलाची तारीख कळवताय!

मराठीत विरामचिन्हं रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजाने. आपण त्याच्या भाषेतली काढून घेऊन परतफेड करतोय.

पुरे झाली थट्टा. 'भावना पोचल्या ना' म्हणू नका, पोचल्या नाहीत. तीन वेळा वाचूनही पोचल्या नाहीत, आणि बोलणी मी खाल्ली. इंग्रजी कच्चं असल्याचं कारणही सांगू नका. 'वी विल सेंड द फाइल' लिहिता येतं, म्हणजे वाक्य येतं; ते संपलं की थांबायचं तेवढं जिवावर येतं. हा निव्वळ आळस आहे, दुसरं काही नाही. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज खाली पडतो तिथे बघा, दोन्ही बाजूंना आपापला कर्ता आणि क्रियापद असलेलं, कोणाच्या कडेवर न बसता उभं राहणारं वाक्य आहे का. असेल तर टिंब द्या. स्वल्पविरामाच्या कळीपर्यंत बोट जातंच ना तुमचं? तेच बोट एक घर उजवीकडे सरकवा.