‘फसवी कृती’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोमन जेवणाच्या पोस्टमध्ये काचो ए पेपे (चीज-मिरीचा पास्ता) आणि साल्तिंबोक्का (प्रोशुत्तो लावून परतलेले मांसाचे काप) यांच्या कृती होत्या. तिच्याखाली तुम्ही लिहिलंत : ‘मंद आचेवर चीज घातलं तरी काचो ए पेपेच्या गुठळ्याच झाल्या. कृती फसवी आहे. क्रीमशिवाय हे होत नाही, कबूल करा. साल्तिंबोक्काही खारट.’

चूक दाखवलीत तर राग नाही. पण ‘फसवी’ हा शब्द लागला. फसवणं म्हणजे माहीत असून खोटं सांगणं. बारा वर्षं काचो ए पेपे करतेय आणि ज्या मापांनी जमतो तीच मापं इथे देते. ‘मला जमलं नाही, काय चुकलं?’ एवढंच विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं.

एक मान्य. पास्त्याच्या पाण्यात मीठ किती, ते लिहायचं राहिलं होतं. यातलं चीज, पेकोरिनो रोमानो, मुळातच खारट, म्हणून लिटरला 10 ग्रॅम न घालता 6-7 ग्रॅम पुरे. पोस्ट दुरुस्त केली आहे.

आता तुमचं ‘मंद आचेवर’. बिघडलं ते तिथेच. कृतीत ‘गॅस बंद करून’ आहे, मंद करून नाही. मेंढीच्या दुधाचं हे चीज साधारण 65 अंशांच्या वर तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. चिमट्याला रबरासारखा गोळा लोंबतो, पॅनच्या तळाशी पांचट पाणी उरतं आणि मग कितीही ढवळलं तरी तो गोळा मोडत नाही. पॅनचा तळ मंद आचेवरही 65 च्या बराच वर असतो.

प्रथिनांना चिकटू देत नाही तो पास्त्यातून पाण्यात उतरलेला स्टार्च. म्हणून 400 ग्रॅम स्पॅगेटीला चार लिटर नाही, अडीच लिटरच पाणी. चौघांना 200 ग्रॅम पेकोरिनो, अगदी बारीक किसलेलं. उकळत्या पाण्यातलं डावभर वाटीत काढा, बोट सहज बुडवता येईल इतकं निवू द्या, आणि थोडं थोडं घालत चीज इडलीच्या पिठाइतकं सरसरीत करा. दोन चमचे अख्खी मिरी कोरडी भाजून जाडसर कुटा आणि पॅनमध्ये डावभर पाण्यात उकळा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता उपसून त्यातच शिजवा. गॅस बंद. एक मिनिट थांबा. मग चीज घालून भराभर हलवा.

तरीही भीती वाटत असेल तर 5 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 50 मिली पाण्यात खळीसारखं शिजवा, निवलं की चीजबरोबर मिक्सरमधून काढा. हे माझ्या मनचं नाही. 2025 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) याच गुठळ्यांवरच्या ज्या अभ्यासाला मिळालं, त्यातही हाच उपाय आहे.

क्रीमने गुठळ्या टळतात, पण पेकोरिनोची धार आणि मिरीचा झणका त्यात बुडून जातो. रोमच्या पारंपरिक कृतीत क्रीम नाही.

साल्तिंबोक्काचं म्हणाल, तर प्रोशुत्तो (खारवून सुकवलेलं डुकराचं मांस) खारट असतो, मांसाला मीठ लावू नका, हे ठळक अक्षरांत आहे. वाचायचंच नसेल तर मी काय करणार!

पुन्हा करून गुठळ्या झाल्याच, तर पाणी किती घेतलंत आणि गॅस कधी बंद केलात ते लिहा, नक्की उत्तर देईन. ‘फसवी’ लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकेन.