भावाबद्दल लिहिणाऱ्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. मानसिक संकटात सापडलेल्या मुलांसाठी रुग्णालयाबाहेर कोणते मार्ग असू शकतात, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की तुमचा एकोणीस वर्षांचा भाऊ वेळेवर ॲडमिट केला म्हणूनच आज आहे. असलं काही वाचून एखादे आईवडील मुलाला घरीच ठेवतील आणि जन्मभर पस्तावतील. 'पर्याय' हा शब्दच मुळात खाटा कमी करून पैसे वाचवणाऱ्यांचा आहे. आणि शेवटी विचारलंय, "तुमच्या घरावर ही वेळ आली असती तर असंच लिहिलं असतं का?"

आली होती. माझ्या धाकट्या बहिणीवर, ती अठरा वर्षांची असताना. आम्ही तिला ॲडमिट केलं आणि तो निर्णय बरोबर होता, आजही तेच करीन. तीन आठवड्यांनी सुटी मिळाली तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी होती आणि पुढची तारीख सव्वा महिन्यानंतरची. सुटी मिळाली म्हणजे ती बरी झाली, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. नवव्या दिवशी तिने पुन्हा जिवावर बेतेल असं केलं. ती वाचली. पण त्या नऊ दिवसांत तिला एकदाही कुणाचा फोन आला नव्हता, आणि कुणाला फोन करायचा हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. मानसोपचार वॉर्डातून सुटी झालेल्यांमधल्या आत्महत्यांवरचे 100 अभ्यास एकत्र करून 2017 साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. धोका सर्वांत जास्त होता तो सुटीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. मुळात जास्त धोक्यातली माणसंच ॲडमिट होतात हे खरं, त्यामुळे दोष वॉर्डाच्या माथी मारता येणार नाही. पण वॉर्डात मूल जितकं सांभाळलं जातं, तितकं दाराबाहेर पडताच कुणी सांभाळत नाही, हेही त्यातून दिसतं.

आता तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे येते. तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. माझ्या लेखात 'घरी राहून उपचार' हे शब्द इतक्या सहजपणे आले होते की वाचणाऱ्याला वाटावं, मुलाला खोलीत झोपवायचं आणि आईने दाराशी बसून राहायचं. तसं करू नये. त्याला उपचार म्हणत नाहीत. मी ज्याबद्दल बोलतेय त्यात त्याच दिवशी घरी माणसं येतात, सुरुवातीला रोज, गरज पडली तर दिवसातून दोनदा. पथकात मानसोपचारतज्ज्ञ असतात, औषधं तेच ठरवतात. रात्री तीनला लावला तरी उचलला जाणारा फोन असतो. अशी व्यवस्था जिथे नाही, तिथे हा पर्यायही नाही. मग रुग्णालयच.

अशा एका पथकात मी समुपदेशक म्हणून काही वर्षं काम केलं. एक भेट सांगते, ओळख पटेल अशा खुणा बदलून. मुलगा सतरा वर्षांचा. आदल्या रात्री त्याने मित्राला निरोपाचा मेसेज पाठवला होता आणि मित्राने शहाणपणाने तो त्याच्या आईला दाखवला होता. आम्ही दोघी गेलो तेव्हा तो कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. माझी सहकारी नर्स त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. तिने सरळ विचारलं, "मरावंसं वाटतंय का? आत्ता, या क्षणी?" आईने दचकून माझ्याकडे पाहिलं. असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार घातला जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. विचारल्याने विचार येत नाही, पुष्कळदा मुलाला हायसं वाटतं. तो म्हणाला, "आत्ता नाही. रात्री वाटतं."

मग त्याच्या भौतिकशास्त्राच्या वहीतलं एक पान फाडून आम्ही सुरक्षा आराखडा लिहायला घेतला. वादळ येतंय हे कशावरून कळतं, एकट्याने काय करता येतं, कुणाजवळ जाऊन बसता येतं, मदत कुणाकडे मागायची, तज्ज्ञ कोण, आणि घरातल्या कोणत्या वस्तू त्याच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत. शब्द त्याचे, अक्षरही त्याचंच. मदतीच्या रकान्यात त्याने आधी 'आई' लिहिलं. थोड्या वेळाने ते खोडलं आणि वर 'मावशी' लिहिलं. आई शेजारीच होती, तिने पाहिलं. ती काही क्षण गप्प राहिली, मग उठून आतून फोन घेऊन आली आणि म्हणाली, "मावशीचा नवीन नंबर तुझ्याकडे नसेल, लिहून घे." त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून जे केलं, त्याहून मोठं काम त्या बाईने त्या एका वाक्यात केलं, असं मला अजून वाटतं. औषधांचा डबा कुलपात गेला, किल्ली मावशीकडे गेली.

वस्तू दूर ठेवण्यावर मी इतका भर का देते, तेही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात ऐन वेळी अडवल्या गेलेल्या 515 माणसांचं पुढे काय झालं, याचा शोध 1978 साली प्रसिद्ध झाला. दहांतली नऊहून अधिक माणसं एकतर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणांनी वारली होती. संकटाचा कडेलोट बहुधा थोडा वेळच असतो. तेवढा वेळ माणूस आणि साधन यांच्यात अंतर राहायला हवं. वॉर्ड हे अंतर भिंतींनी राखतो. घरी ते माणसांनी राखावं लागतं, आणि ते जास्त कठीण आहे.

पुरावा काय, असं तुम्ही विचारलंत. आहे, पण मी आधी दाखवला त्याहून तोकडा आहे. वैद्यकीय संशोधनातले पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2009 साली मुलांसाठीच्या अशा पर्यायांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना अवघ्या सात चाचण्या मिळाल्या, सगळी मिळून 799 मुलं. ठाम काही म्हणता येईल इतकं ते नव्हतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हेंगेलर यांच्या चमूने ॲडमिट करायचं ठरलेल्या मुलांवर घरी जाऊन सघन उपचार केले. त्यातल्या 57 टक्के मुलांना ॲडमिट करावं लागलं नाही. म्हणजेच उरलेल्यांना लागलं, आणि पथकाने ते केलं. शिवाय सुरुवातीला दिसलेला फायदा पुढे वर्ष-सव्वा वर्षात बराचसा ओसरला. लंडनमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अठराच्या आतली 106 मुलं होती. वॉर्डातून लवकर घरी पाठवून पथकाने पाठपुरावा केलेली मुलं कमी दिवस वॉर्डात राहिली, शाळेत जास्त रुळली, आणि वारंवार स्वतःला इजा करण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जर्मनीत ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराच्या, 172 मुलींवरचा अभ्यास 2014 साली आला. पहिले तीन आठवडे रुग्णालयात सगळ्याच होत्या. नंतर काही जणी दिवसा उपचाराला येत आणि रात्री घरी जात. या मुली वॉर्डातच राहिलेल्या मुलींपेक्षा मागे पडल्या नाहीत.

या शेवटच्या उदाहरणात रुग्णालय आणि घर एकापाठोपाठ एक येतात. मला लेखात हेच सांगायचं होतं आणि ते नीट उतरलं नाही.

कुटुंबावर पडणारा भार तुम्ही ओझरता उल्लेखलात. मी तो पूर्ण मान्य करते. जागरणं, कामावरच्या रजा, धाकट्या भावंडाकडे होणारं दुर्लक्ष, प्रत्येक बंद दाराची धास्ती. पथकाने पहिल्याच भेटीत विचारायला हवं, 'तुम्हाला हे झेपेल का?' आणि 'नाही' या उत्तराचा मान राखायला हवा. ज्या घरात मारहाण आहे, किंवा घरच संकटाचं मूळ आहे, तिथे मुलाला घरी ठेवणं हा अन्याय आहे. आत्महत्येचा गंभीर प्रयत्न झाला असेल, मुलाला ऐकू येणारे भासाचे आवाज 'कर' म्हणून हुकूम देत असतील, खाणं सुटून नाडी मंदावली असेल, मूल सुरक्षा आराखड्यावर बोलायलाच तयार नसेल, तर मी स्वतः गाडीत बसून रुग्णालयात गेलेली आहे. एक मिनिटही वाद न घालता.

पैशांबद्दलही तुमचा संशय निराधार नाही. अमेरिकेत 1963 च्या कायद्याने मोठ्या मनोरुग्णालयांऐवजी वस्तीतली केंद्रं उभी करायचं ठरलं. रुग्णालयं रिकामी झाली, केंद्रं मात्र ठरवली त्याच्या जेमतेम निम्मी उभी राहिली. कितीतरी माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात पोचली. म्हणून पथक उभं राहण्याआधी एकही खाट काढू नये, असं माझं मत आहे. नीट चालवलेलं पथक स्वस्त पडतंच असंही नाही, आणि ते स्वस्त आहे म्हणून कुणी विकायला आलं तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे. 'घरी राहून उपचार' असं जिथे जिथे होतं तिथे आता 'रोज घरी येणाऱ्या पथकाचे उपचार' असं आहे, आणि पथक नसेल तर रुग्णालय गाठा, हे ठळक अक्षरांत आहे.

एक विचारू? भाऊ घरी आला त्यानंतरचा पहिला आठवडा कसा गेला, त्याच्याशी तेव्हा कोण बोलत होतं? सांगावंसं वाटलं तर लिहा, इथे नको असेल तर मेलवर लिहा.