मोठी फाइल अडकते? ग्राफिक्स कार्ड राहू द्या

डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा: फोटोशॉप किंवा क्रिटासारख्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मोठी फाइल अडकत असेल तर ग्राफिक्स कार्ड टाका; परवडत नसेल तर पेनड्राइव्हची रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) करा; एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की रॅम वाढवावी लागत नाही; फाइल फ्लेक्सची असो वा पोस्टरची, ३०० डीपीआयचीच (इंचाला ३०० ठिपके) हवी; आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर विकून टाका. यातल्या एसएसडीच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. बाकी सगळी खिशाला चाट.

कार्डाचं आधी, कारण जास्त पैसे तिथेच जातात. ए३ आकार ३०० डीपीआयला म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१, सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल. तीन रंग आणि पारदर्शकता धरून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एक थर) ७० एमबीच्या आसपास. असे ४० लेयर झाले की २.८ जीबी, आणि यात अनडूचा इतिहास धरलेलाच नाही. फाइल १६ बिटची केलीत की आकडा दुप्पट. ८ जीबी रॅमच्या मशीनमध्ये विंडोज आणि ब्राउझरनेच ३-४ जीबी अडवून ठेवलेले असतात. उरलेल्या जागेत चित्र मावलं नाही की प्रोग्रॅम डिस्कवर लिहायला लागतो आणि कर्सर गोल फिरत बसतो. कार्ड घेतल्याने ही जागा वाढत नाही. कॅनव्हास झूम करताना, फिरवताना, लिक्विफाय किंवा काही ब्लर फिल्टर चालवताना कार्ड कामाला येतं, आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये रेंडर करणाऱ्याला तर ते हवंच. ब्रशचा फटकारा मात्र मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमच ओढतात. (कार्ड घेऊनही मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच खोचून ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना तर बहुतेकदा झूमचाही फायदा मिळत नाही.)

खात्री करून घ्यायला पैसे पडत नाहीत. अडकणारी फाइल उघडा, मोठा ब्रश घेऊन रंगवत राहा आणि शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर लावा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० ला चिकटलेली आणि जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) रेघ तळाशी सरपटतेय, असं दिसलं तर दुकानात रॅमच मागायची हे ठरलं. फोटोशॉपमध्ये खालच्या पट्टीतल्या बाणावरून ‘एफिशिअन्सी’ निवडा. आकडा १०० टक्क्यांखाली उतरला की काम स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत) गेलं समजा. क्रिटा मुळात निम्मीच रॅम वापरते, ती मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते.

पेनड्राइव्हची ‘रॅम’ म्हणजे विंडोज व्हिस्टाबरोबर आलेलं रेडीबूस्ट. तो डिस्कसाठीचा कॅश (वारंवार लागणाऱ्या माहितीचा साठा) आहे, रॅम नव्हे. विंडोज चांगल्या एसएसडीवर असेल तर ‘तुमचं मशीन पुरेसं वेगवान आहे’ म्हणत विंडोजच ते सुरू करायला नकार देतं. पुढे जाऊ.

एसएसडीचं मात्र मान्य. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती आधी बदला, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. पण ‘रॅम लागत नाही’ हे चूक. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १००-१५० एमबी देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (आणखी वेगवान एसएसडी) ३५०० पर्यंत. ३२०० वेगाची डीडीआर४ (चौथ्या पिढीच्या) रॅमची एक पट्टी कागदोपत्री २५,६०० देते. एसएसडीमुळे रॅमची टंचाई सुसह्य होते, संपत नाही. रॅम घेताना ८ च्या जोडीला दुसरी ८ ची पट्टी लावली तर रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) चालतात, आणि इनबिल्ट ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्यामुळे त्यालाही हात मिळतो. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, हे निघण्याआधी बघून घ्या; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराचा हेलपाटा वाचेल.

आता ३०० डीपीआय. मंडळाचा १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला केला तर ३६,००० गुणिले ७२,००० पिक्सेल होतात. एक लेयर १० जीबीचा! शिवाय फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलीत ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी बाजू चालत नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी करावी लागते. हा फ्लेक्स चौकाच्या पलीकडून बघतात. तोच ४० डीपीआयला केला तर एक लेयर १८५ एमबीत बसतो, आणि खालून मान वर करून बघणाऱ्याला फरक कळत नाही. नावं आणि मजकूर कोरलड्रॉमध्ये व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) ठेवा, अक्षरांच्या कडा स्वच्छ येतील. कार्यकर्त्यांचे फोटो तसेही व्हॉट्सॲपवरून आलेले असतात, त्यांना ३०० डीपीआय काय करणार? हातात धरून बघायच्या कामाला, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला किंवा ए३ प्रिंटला ३०० ठेवा, तिथे तडजोड नको.

राहिलं लॅपटॉप विकणं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते. तिथे दोनपैकी एक दिसलं तर विकायचा विचार सोडा, १६ जीबी करून अजून काही वर्षं ओढता येतील. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि ही ओळ कधीकधी फसवते, म्हणून मॉडेलचं मॅन्युअल वाचा किंवा मागचं झाकण उघडून बघा. सगळी रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकही नाही, एवढ्या एकाच बाबतीत विकण्याचा सल्ला बरोबर ठरतो.