दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत त्याला उपाशी ठेवत नाहीत. दोन्ही घरं त्याच्या हातात जेवणाचं बिल देतात.

मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. नोकरी मॅनहॅटनला. मधे हडसन नदी. न्यू यॉर्क म्हणतं, कमावलंस आमच्याकडे, कर टाक. न्यू जर्सी म्हणतं, झोपतोस आमच्याकडे, तेव्हा कुठेही कमावलेलं असो, आधी दाखव. तिकडे भरलेल्या कराचं इकडे क्रेडिट मिळतं म्हणे. ते मिळवायला मी एप्रिलातल्या एका रविवारी पोह्यांची बशी घेऊन बसलो. कंपनीने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यावर, म्हणजे डब्ल्यू-2 वर, सोळाव्या रकान्यात पहिल्या पाच मिनिटांत हळदीचा अंगठा उमटला.

घरचं काम आधी, या संस्काराने न्यू जर्सीचं रिटर्न पहिलं भरलं. देणे: 4,312 डॉलर. बायकोने वाकून आकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "यंदा हापूसची पेटी नको."

मित्राला फोन लावला. तो दहा वर्षं हेच करतोय. "अरे, उलटं भरलंस! आधी न्यू यॉर्कचं, अनिवासी म्हणून, आयटी-203 फॉर्मवर. तिथला कर निघाला की तो आकडा घेऊन घरी ये. आणि डब्ल्यू-2 च्या सतराव्या रकान्यातला, पगारातून कापलेल्या कराचा आकडा उचलू नकोस. कापलेला तो कर नव्हे, बसलेला तो कर." हे वाक्य खरं तर फॉर्मवरच छापायला हवं.

न्यू यॉर्क भरताना नवा पेच. हिवाळ्यात बर्फामुळे मी कितीतरी दिवस घरूनच काम केलं होतं. ते दिवस न्यू जर्सीचे ना? नाही. कंपनीची गरज म्हणून नव्हे, तुमच्या सोयीने घरी बसलात, तर न्यू यॉर्कच्या लेखी तुम्ही ऑफिसातच. म्हणजे मी लेंगा घालून एडिसनच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो, तेव्हाही माझं उत्पन्न मॅनहॅटनमध्ये टाय लावून बसलेलं होतं.

शेजारच्या बिऱ्हाडातला गृहस्थ पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. त्या दोन राज्यांचा आपसात करार आहे: पगारावरचा राज्याचा कर राहत्या राज्यालाच. त्याची नदी डेलावेअर, माझी हडसन; एवढाच काय तो नशिबाचा फरक.

शेवटी आकडे जुळले. न्यू यॉर्कचा कर जास्त, म्हणून पगारावरचा न्यू जर्सीचा कर क्रेडिटने पुसला गेला. न्यू यॉर्कने वर जे जादा घेतलं, ते गेलं. न्यू जर्सी ते भरून देत नाही, आणि का द्यावं? राहिलं फक्त बँकेतल्या व्याजावरचं. देणे: 19 डॉलर. पेटी परत यादीत आली.

रात्री बाबांना ही सगळी शौर्यगाथा ऐकवली.

"आमच्या वेळी तळेगावची माणसं रोज मुंबईला जायची, कुणी दोनदा कर मागितला नाही," बाबा म्हणाले. "व्यवसाय कर काय तो महिन्याला 200 कापायचे. फेब्रुवारीत 300."

"फेब्रुवारीत 300 का?"

बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"आईशी बोल," बाबा म्हणाले.