दिवे मी लावायचे, थांबायचं मात्र कुणीच नाही

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या गेटसमोर बस उभी केली. मागचे लाल दिवे लुकलुकत होते. दुसरीतली एक मुलगी शेवटच्या पायरीवरून खाली पाय टाकणार, एवढ्यात बस आणि फूटपाथ यांच्या मधल्या हातभर जागेतून एक बाईकवाला सुसाट घुसला. मदतनीस मावशींनी पोरीचं दप्तर धरून तिला मागं खेचलं म्हणून ती आज वर्गात बसली आहे. बाईकवाला पुढं जाऊन थांबला आणि माझ्यावरच ओरडला, "ए काका, बस बाजूला घेता येत नाही का?"

कुठल्या बाजूला घेऊ? गेट तिथंच आहे. पोरं तिथंच उतरतात. आणि डोक्यावर ते दिवे लावलेत ते कशासाठी?

त्या दिव्यांपायी माझं जे काही चाललंय ते आज लिहूनच काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

माझ्या दोन गाड्या आहेत. एक मी चालवतो, दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. अकरा वर्षं हाच धंदा करतोय. महाराष्ट्रात स्कूल बसची नियमावली २०११ साली आली. पिवळा रंग, त्यावर तपकिरी पट्टा, वेग मर्यादेत ठेवणारा स्पीड गव्हर्नर, आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, मुली असल्या तर बाई मदतनीस, आणि छताजवळ लुकलुकणारे दिवे, पुढं नारिंगी, मागं लाल. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. १९९७ साली दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळून पोरं बुडाली, तेव्हापासून कोर्टानं हा विषय धरून ठेवला आणि ते बरोबरच केलं. माझ्या गाडीत रोज चौसष्ट पोरं बसतात. त्यांच्या जिवासाठी दिवा लावा म्हटलं तर मी दोन लावीन.

पण नियम लिहिणाऱ्यानं कधी त्या दिव्याची काच उघडून बघितली आहे का? पहिला मोठा पाऊस झाला की काचेत पाणी साचतं. सकाळी साडेपाचला शिडी लावून, बॅटरी दातात धरून मी ते स्क्रू काढतो. स्क्रू गंजलेले असतात, तांब्याची वायर हिरवी पडलेली असते. दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर जळलेला. एक दिवा पेटतो, बाकीचे मुके. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला हा उद्योग. दरवेळी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं तर पाचशे-सातशे त्याचेच होतात, म्हणून आता मीच शिकलो.

आणि मग येतं पासिंग, म्हणजे आरटीओत गाडीची तपासणी. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. माझ्या दोन्ही गाड्या सेकंड हँड घेतलेल्या, दिवे बाहेरून बसवलेले. दोन वर्षं तेच दिवे पास झाले. गेल्या मे महिन्यात नवे साहेब आले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "हा रंग नारिंगी नाही, पिवळा आहे. बदलून आणा." मी म्हटलं, साहेब, गेल्या वर्षी हाच पास झाला होता. "गेल्या वर्षीचं मला सांगू नका." मग कोणता चालेल, कोणत्या मापाचा, कोणत्या कंपनीचा, ते कागदावर लिहून द्या, एवढंच मागितलं. लिहून कुणी देत नाही. बाहेर एजंट उभा असतो, त्याला मात्र सगळं तोंडपाठ.

दिवे, फ्लॅशर, नवीन वायरिंग, मजुरी मिळून एका गाडीला सहा हजार आठशे. दोन गाड्यांचे तेरा हजार सहाशे. जुने दिवे चांगले चालत होते, ते आता गोठ्यात पडलेत. शिवाय दोन दिवस बुडाले, पुन्हा तारीख मिळायला आठ दिवस गेले, आणि इकडं शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते. ज्याच्या चाळीस बस आहेत त्याचा स्वतःचा वर्कशॉप असतो, पगारी इलेक्ट्रिशियन असतो, त्याच्या नव्या गाड्या कंपनीतूनच दिवे लावून येतात. त्याला हा खर्च कळतही नाही. माझ्यासारख्या दोन गाड्यांवाल्याला तेरा हजार म्हणजे मावशींचा दीड महिन्याचा पगार आहे. सुट्टीत मे महिन्याचे पैसे पालक देत नाहीत, आणि सगळा खर्च नेमका त्याच महिन्यात बोकांडी बसतो.

मग वाढव ना भाडं, असं म्हणणारे खूप आहेत. जूनमध्ये महिना दीडशे रुपये वाढवले. पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस रण पेटलं. पालकांवर माझा राग नाही, त्यांचंही घर त्याच पगारात चालतं. पण चार पोरं माझ्याकडून निघून रिक्षात गेली. त्या रिक्षात आठ-आठ पोरं कोंबतात, दप्तरं बाहेर लोंबतात, दोन पोरं ड्रायव्हरच्या सीटवर. तिथं दिवा नाही, मदतनीस नाही, सिलिंडर नाही, कुणी विचारतही नाही. म्हणजे सुरक्षेच्या नियमाचा खर्च मी भाड्यात घातला आणि पोरं जास्त धोक्यात जाऊन बसली. हे कुणाला दिसत नाही का? शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष असतात. वर्षातून एकदा सह्या होतात. दिव्याच्या पैशाचं नाव काढलं की "तो तुमचा प्रश्न" म्हणून विषय संपतो.

आता ज्यानं माझं रक्त खरंच उसळलं ते सांगतो. ऑगस्टमध्ये मोबाईलवर चालान आलं. नो पार्किंग. फोटो उघडला तर माझीच बस, शाळेच्या गेटसमोर. मागचे लाल दिवे पेटलेले स्पष्ट दिसतात. मावशी दारात उभ्या, एका पोराचा हात धरलेला. सरकारच्याच नियमानं लावलेले दिवे, पोरं उतरवण्यासाठी थांबलेली गाडी, आणि दंड तिला! या ई-चालानांवरूनच २०२५ च्या जुलैत राज्यातल्या स्कूल बसवाल्यांनी बंदची हाक दिली होती. आश्वासनं मिळाली. माझा फोटो त्यानंतरचा आहे.

अमेरिकेत शाळेच्या बसचे लाल दिवे पेटले आणि बाजूला थांबण्याची पाटी उघडली की मागच्यानं थांबायचंच, दुभाजक नसला तर बहुतेक ठिकाणी समोरून येणाऱ्यानंसुद्धा. थांबलेल्या स्कूल बसला ओलांडून जायचं नाही, असा कायदा पन्नासही राज्यांत आहे. कितीतरी ठिकाणी बसवरच कॅमेरा लावलेला असतो आणि न थांबता निघून गेलेल्या गाडीला दंड जातो. तिथं दिव्याला अर्थ आहे, कारण दिवा बघून काय करायचं हे लायसन काढतानाच डोक्यात भरलेलं असतं. इथं अकरा वर्षांत माझे दिवे बघून एक गाडी थांबलेली मला आठवत नाही. दिवे बघून न थांबल्याबद्दल कुणाला पावती फाटलेली तर मी कधी ऐकलीही नाही. उलट दिवे लुकलुकायला लागले की मागचे हॉर्न सुरू होतात.

माझी मागणी एवढीच आहे. कोणता दिवा चालतो ते एकदाच, राज्यभरासाठी, मापासकट लेखी लावा. एकदा पास झालेला दिवा चालू आहे तोवर रंगावरून परत पाठवू नका. शाळेच्या गेटवर मुलं उतरवणाऱ्या बसला चालान लावू नका. आणि तो कॅमेरा जरा माझ्या बसच्या डाव्या बाजूला वळवा, रोज सकाळी सात ते साडेसात.

चालान अजून भरलेलं नाही. एजंट म्हणतो, भरून टाका, पासिंगच्या वेळी आडवं येईल. उद्या सात वाजून दहाला मी पुन्हा तिथंच थांबणार आहे. मावशींना सांगून ठेवलंय, आधी तुम्ही खाली उतरा, डाव्या अंगाला आडव्या उभ्या राहा, दोन्ही हात पसरा, आणि मगच एकेक पोर खाली सोडा.