आगीच्या गाडीचा वाटा कोण देणार?

आज आपल्या नगरपंचायतीच्या सभेत मागे बसून ऐकत होते. विषय होता, शेजारच्या दोन नगरपालिका आणि आपण मिळून एकच अग्निशमन केंद्र चालवायचं आणि खर्च वाटून घ्यायचा. एक सदस्य उठले नि म्हणाले, "आपल्या पैशानं त्याहीच्या गावची आग कायले इझवाची?" चारपाच जणांनी बाकं वाजवली. विषय पुढच्या सभेवर गेला. घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय.

बाकं वाजवणाऱ्यांपैकी कोणी जळता गोठा पाहिला आहे का? मी पाहिला आहे, मोठ्या मामांचा. मे महिन्याची दुपार, वारा सुटलेला, विजेची तार तुटून कुटारावर पडली. लाइन बंद करावी लागली, म्हणजे विहिरीवरची मोटारही बंद. बादल्यांनी पाणी ओढून ओढून किती ओढणार? तालुक्याला फोन लावला तर पहिला प्रश्न आला, "गाव आमच्या हद्दीत येते का?" दुसरा प्रश्न, "डिझेलचे पैसे कोण देईन?" मामीनं विळ्यानं दावी कापली. बाकीची जनावरं निघाली, एक बैल आतच राहिला. गाडी आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं.

1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांच्या कामांची जी यादी दिली, त्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यात आग नाही. आणि आपल्याकडे आग लागते कुठे? तुरीच्या गंजीला, सोयाबीनच्या सुडीला, गोठ्याला. जिथे कोणाचीच गाडी नाही, तिथे.

शहरवाल्यांनाही सांगते, एका गाडीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. जोरात सोडलं तर काही मिनिटांत टाकी रिकामी. जिनिंगमध्ये कापूस पेटला की वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत राहतो. तिथे एका गाडीनं भागतच नाही, दुसरी शेजारच्या गावातूनच मागवावी लागते. म्हणजे आजही आपण त्यांच्याच भरवशावर आहोत, फक्त त्याचा वाटा देत नाही!

गाडी एखाद्या वेळेस अनुदानातून मिळते. माणसांचं काय? चोवीस तास केंद्र चालवायचं तर तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत ड्रायव्हर, फायरमन, शिवाय बदलीची माणसं. हे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. आपल्याएवढ्या गावाच्या घरपट्टीत ते बसत नाही. मग गाडी शेडमध्ये उभी राहते आणि तिचा ड्रायव्हर पाण्याच्या टँकरवर जातो. तीन गावं मिळाली तर हे जमतं.

ज्या गावात केंद्र राहील तिथे गाडी आधी पोहोचेल, हे मान्य. त्यांनी जास्त द्यावं. सामायिक पाणी योजनांची थकबाकी कशी वाढत जाते हेही माहीत आहे, म्हणून वर्षाचा वाटा आधीच भरून घ्या. पण सभेत कोणीतरी सुचवलं, जेवढ्या वेळा गाडी येईल तेवढेच पैसे द्यायचे. हे अजिबात नको. फोन करणाऱ्याला मग पुन्हा डिझेलचाच हिशोब करावा लागेल. मामाही आधी फोन करायला धजले नव्हते, पैसे मागतील म्हणून. त्यात जो वेळ गेला, त्यातच तो बैल गेला.

ते सदस्य वाईट माणूस नाहीत, हे लिहिता लिहिता जाणवतंय. त्यांच्या वॉर्डात सगळी शेतमजुरांची घरं आहेत, घरपट्टी वाढली तर लोक त्यांनाच दारात अडवतील. सोयाबीनला भाव नाही, कापसाचं तेच. त्यांची भीती खरी आहे. पण ज्यांच्यासाठी ते भितात, त्यांचीच घरं आधी पेटतात आणि त्यांच्याकडे विमाही नसतो. मामांनी नंतर पुन्हा बैलजोडी केली नाही, शेती बटईनं दिली.

पुढच्या सभेआधी प्रत्येक घरावर वर्षाला किती बोजा येईल तो आकडा लोकांसमोर ठेवा, एवढी माझी मागणी आहे. आसपासच्या ग्रामपंचायतींनाही वाटेकरी करा, थोड्या रकमेत का होईना, म्हणजे हद्द विचारायची वेळच येणार नाही. माझ्या घरपट्टीत होणारी वाढ मला मंजूर आहे, तसं मुख्याधिकाऱ्यांना लेखी देणार आहे. सोबत सही करायची असेल त्यांनी सोमवारी सकाळी नगरपंचायतीत यावं.